सासऱ्यांच्या सेटला करवत लावण्याआधी

गोल्फच्या काठ्यांबद्दलचा हा प्रश्न बेळगावजवळच्या हिंडलग्याहून आला आहे. थोडक्यात असा: सासरे लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी आपला जुना आयर्नचा, म्हणजे धातूच्या पातळ हेडच्या गोल्फ क्लबांचा, सेट जावयाला दिला. चार ते नऊ नंबर आणि पिचिंग वेज (सेटातला सर्वांत आखूड) असे सात क्लब, सगळे स्टीलच्या शाफ्टचे, म्हणजे दांड्याचे. जावई ५२ वर्षांचे, उंची ५ फूट ३ इंच, खेळायला लागून दीड वर्ष झालं. क्लब लांब आणि जड वाटतात, कोपर दुखतं, आणि सात नंबरचं हेड, म्हणजे बॉलला मारणारं टोक, आता हातानेसुद्धा फिरतं. सगळे शाफ्ट काढून ग्राफाइटचे बसवायचे आणि प्रत्येक क्लब एक इंचाने कमी करायचा असा त्यांचा बेत आहे. हे घरी जमेल का, की उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुणाकडे द्यावं, असं विचारलंय.

घरी जमेल. पण बेत चुकलाय.

मी टूलरूममध्ये उभं आयुष्य काढलं आणि क्लबांची दुरुस्ती बावीस वर्षं करतोय. तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन येणारे दहातले आठ जण 'हलका आणि आखूड' मागतात. दोन्ही एकदम दिलं की महिन्याभरात परत येतात आणि म्हणतात, हातात काठी धरल्यासारखं वाटतंय, हेड कुठं आहे तेच कळत नाही. क्लब जड असणं वेगळं आणि फिरवताना टोक जड लागणं वेगळं. झाडू उलटा धरून फिरवून बघा, म्हणजे कळेल. वजन तेच, पण हाताला लागतं वेगळं. या दुसऱ्या जडपणाला स्विंगवेट म्हणतात आणि तो सी ९, डी ०, डी १ अशा पॉइंटांत मोजतात. पुरुषांचे तयार आयर्न बहुतेक डी ० ते डी २ च्या आसपास असतात.

त्याचं यंत्र मिळतं, पण तुम्हाला त्याची गरज नाही. शहापुरात कुठल्याही सराफाकडे असतो तसला डिजिटल काटा आणि एक तीनधारी कानस पुरे. कानस व्हाइसमध्ये धार वर करून आवळा, तिच्यावर क्लब आडवा ठेवून तोल साधा आणि तोलाची जागा ग्रिपच्या (रबरी मुठीच्या) टोकापासून इंचात मोजा. त्यातून १४ वजा करा, उरलेल्याला क्लबच्या ग्रॅममधल्या वजनाने गुणा. उत्तर ६०५० च्या आसपास आलं तर डी ०. पुढे प्रत्येक ५० ला एक पॉइंट. समजा तुमचा सात नंबर ४३० ग्रॅम भरला आणि तोल २८ इंचांवर आला, तर १४ गुणिले ४३० म्हणजे ६०२०, डी ० ला जेमतेम कमी. हा आकडा आजच काढा, सातही क्लबांचा, आणि वहीत लिहून ठेवा. नंतर काढून उपयोग नाही.

आता तुमचा बेत या हिशेबात घाला. एक इंच कापला की साधारण सहा-सात पॉइंट जातात. १२० ग्रॅमच्या स्टीलच्या जागी ७५ ग्रॅमचं ग्राफाइट आलं की आणखी चार-पाच. म्हणजे दहा-बारा पॉइंट गेले. ते भरून काढायला हेडला वीसेक ग्रॅम वजन लावावं लागेल, कारण हेडला २ ग्रॅम वाढवले की एक पॉइंट वाढतो. सात नंबरचं हेड मुळात २७० ग्रॅमच्या आसपास असतं. त्याला २० ग्रॅम चिकटवायचे म्हणजे मांड्याला कुंद्याचं सारण भरल्यासारखं होईल, होतं खरं, पण दोन्हीची चव जाते.

म्हणून आधी पैसे न घालता करायच्या गोष्टी करा.

पहिली, ग्रिप. माळ्यावर आपले चार पावसाळे काढलेल्या ग्रिप खारकेसारख्या कडक होतात. त्या निसटतात, म्हणून माणूस मूठ आवळतो, आणि आवळलेल्या मुठीचा ताण कोपरात जातो. मी बघितलेल्या दुखऱ्या कोपरांपैकी बरीच नव्या ग्रिपवर शांत झालीत. (तरी दुखणं महिनाभर टिकलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, मी लोखंडाचा माणूस आहे.) दुसरी, लांबी. एक इंच कमी हवा ना? मग पंधरा दिवस ग्रिपवर एक इंच खाली धरून खेळा. करवत लागत नाही आणि पटलं नाही तर हात परत वर नेता येतो. आणि उंचीवरून लांबी ठरवू नका. ताठ उभं राहून मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर घरात कुणाकडून तरी मोजून घ्या. बुटक्या माणसाचे हातही आखूड असले तर त्याला साधीच लांबी नीट बसते.

तिसरी, लाय. हेड जमिनीवर बरोबर टेकतं का ते. बॉलच्या मागच्या बाजूला मार्करने जाड उभी रेघ ओढा, रेघ फेसकडे, म्हणजे हेडच्या मारणाऱ्या सपाट बाजूकडे, करून मारा. फेसवर ठसा उमटतो. उभा उमटला तर लाय जमला. तिरका असला तर हेडची टाच किंवा पंजा उचलला जातोय. लक्षात ठेवा, क्लब अर्धा इंच आखूड केला की लाय एक अंशाने चपटा झाल्यासारखा वागतो. म्हणजे कापल्यावर हा ठसा बदलणार. फोर्ज केलेली हेडं वाकवता येतात, ओतीव कडक स्टेनलेसची बहुधा तुटतात किंवा हटत नाहीत. ते घरच्या व्हाइसमध्ये करायचं काम नाही, तिथे माझाही नाद सोडा.

एवढं करूनही शाफ्ट बदलायचाच असेल तर लांबी तीच ठेवा, फार तर अर्धा इंच कमी करा, आणि ग्राफाइट ९० ग्रॅमच्या आसपासचं घ्या. सगळं ग्राफाइट पिसासारखं असतं असा समज आहे, तसं नाही. ९० ग्रॅमच्या शाफ्टने तीनेक पॉइंट जातील, ते ६ ग्रॅमच्या टिप वेटने, म्हणजे शाफ्टच्या खालच्या टोकात (टिपेत) बसवायच्या वजनाने, परत येतील. ग्रिप ५ ग्रॅमने हलकी घेतली तरी एक पॉइंट मिळतो. कडकपणाचं अक्षर, आर (रेग्युलर) किंवा एस (स्टिफ), बघून भुलू नका. त्याचं सगळ्या कंपन्यांना बांधणारं माप नाही. एकाचा आर दुसऱ्याच्या एसइतका कडक निघतो.

आता प्रत्यक्ष काम. तुमचा सात नंबर तसाही सुटतोय, म्हणून तोच पहिला घ्या. फक्त तोच. बाकीचे सहा तसेच राहू द्यात.

आधी होजल नीट बघा, म्हणजे हेडची ती नळी जिच्यात शाफ्ट बसतो. जुन्या सेटांत होजलमधून आरपार एक बारीक पिन मारलेली असते. भिंगाने पाहिलं की गोल ठिपका दिसतो. ती पंच मारून काढल्याशिवाय कितीही तापवा, शाफ्ट यायचा नाही. मग हेडच्या मागे प्लास्टिकचा बिल्ला किंवा रबर चिकटवलेलं आहे का ते पाहा. असेल तर ओल्या फडक्याने गुंडाळा. पोकळ हेडात आत काही भरलेलं असेल तर तापवूच नका. सासऱ्यांच्या जुन्या सेटात तसं बहुधा नसेल.

ग्रिप आकड्यासारख्या पातीने उभी चिरून काढा. ही पायरी टाळू नका. शाफ्टचं वरचं तोंड बंद असताना खालून तापवलं तर आतली हवा फुगते आणि हेड बंदुकीच्या गोळीसारखं सुटू शकतं. हेडचं तोंड भिंतीकडे असावं, माणसाकडे नाही. शाफ्ट रबरी जबड्यांत किंवा जाड पट्ट्यांत धरून व्हाइसमध्ये आवळा, फेरूल (होजलवरची काळी प्लास्टिक रिंग) ब्लेडने कापा, ती तशीही वितळणारच. मग हॉट एअर गनने होजल सगळीकडून फिरवत तापवा. ब्लो लॅम्प नको. ज्योत एका जागी बसते आणि क्रोम निळं पडतं. जुन्या इपॉक्सीचा, म्हणजे हेड चिकटवलेल्या गोंदाचा, जळका वास आला की ते सैल झालं. हातमोजा घालून हेड पिळा आणि ओढा. तापलेलं हेड पाण्यात बुडवू नका, आपोआप थंड होऊ द्या.

हे पिळणं स्टील शाफ्टपुरतं. पुढे कधी ग्राफाइट काढायची वेळ आली तर कमीत कमी उष्णता आणि सरळ रेषेत ओढ, पीळ अजिबात नाही. पीळ दिला की आतले धागे सुटतात. बाहेरून शाफ्ट धड दिसतो आणि दुसऱ्या आठवड्यात तुटतो. त्यासाठी स्क्रूने ओढणारा पुलर लागतो. तो उद्यमबागमधला कुणीही लेथवाला एका दुपारी करून देईल, चित्र काढून द्या म्हणजे झालं.

शाफ्ट निघाला की त्यातून आरपार बघा. आत तांबूस भुकटी पडली तर गंज धरलाय. आपल्याकडच्या पावसात स्टील शाफ्ट आतून गंजतात, बाहेरून चकाकतात. तसा असेल तर मग बाकी सहाही एकेक करून तपासायचे, बदलायचे की नाही ते वाद न घालता ठरतं.

मग व्हर्निअर घ्या. इथे लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. आयर्नच्या शाफ्टची टिप दोन प्रकारची असते. निमुळती, .३५५ इंच, म्हणजे ९.०२ मिमी. आणि समांतर, .३७० इंच, म्हणजे ९.४ मिमी. निमुळता शाफ्ट प्रत्येक क्लबसाठी वेगळ्या लांबीत येतो आणि त्याची टिप कापायची नसते, कापायचं ते फक्त वरच्या टोकाला. समांतर शाफ्टची टिप कापतात, आणि जसजसा क्लब आखूड तसतशी अर्धा-अर्धा इंच जास्त. चुकून निमुळता घेतला आणि होजल ९.४ चा निघाला तर पितळी शिम (पातळ नळी) घालून भागतं. उलटं झालं तर होजल मोठा करावा लागतो, आणि ते काम ड्रिल मशीनवर, हेड सरळ, पक्कं बांधून. हातातल्या ड्रिलने कराल तर भोक वाकडं जाईल आणि मग लाय आणि लॉफ्ट (फेस मागे कललेला असतो तो कोन) दोन्ही बिघडतील. म्हणून आधी काढा, मापा, मग मागवा. उलट्या क्रमाने नको.   

शाफ्ट बेळगावात मिळणार नाही, मागवावाच लागेल. मी एकदा आगाऊपणा केला होता. स्टेनलेसची नळी घेऊन लेथवर टिप उतरवली आणि शाफ्ट म्हणून बसवली. दिसायला सुरेख. पहिल्याच फटक्यात हाताला अशी झिणझिण बसली की चहाचा कप धरवेना, आणि तिसऱ्या फटक्याला ती कायमची वाकली. गोल्फ शाफ्टची भिंत पातळ असते आणि तिला उष्णतेचे संस्कार दिलेले असतात. नळीत आणि त्यात तेवढा फरक आहे. त्याच कारणाने वेल्डिंगही नको. माझा एक दोस्त अजून म्हणतो, 'टिग मारून देतो की, दोन मिनिटांचं काम, कशाला चिकटवत बसालास?' टिग मारलेल्या जागी स्टीलचा पाणीदारपणा जातो आणि क्लब नेमका तिथेच तुटतो. तसंही हे जोडकाम चिकटवण्याचंच आहे. हिकरी लाकडाच्या काळात दांडा होजलमध्ये बसवून पिन मारायचे. १९२९ मध्ये स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने स्टील शाफ्टला मान्यता दिली आणि पुढे इपॉक्सी आलं तशी पिन गेली.

होजल आतून साफ करणं हे खरं काम. बाकी सगळं त्यामानाने किरकोळ. तारेचा गोल ब्रश ड्रिलला लावा, जुन्या इपॉक्सीचा कण राहता कामा नये. मग चिंधी थिनरमध्ये भिजवून आत फिरवा, ती पांढरी बाहेर येईपर्यंत. नव्या शाफ्टच्या टिपेवरचा रंग पॉलिश पेपरने तेवढ्याच लांबीत घालवा जेवढी होजलात जाणार आहे. काळे धागे दिसायला लागले की थांबा. स्टील असेल तर क्रोम पूर्ण खरवडा, गुळगुळीत क्रोमला इपॉक्सी धरत नाही. नंतर टिपेला बोट लावायचं नाही. बोटाचा चिकटपणा पुरेसा असतो जोड बिघडवायला.

कोरडं बसवून बघा, खोली मार्क करा, फेरूल गरम पाण्यात टाकून मऊ करून मार्कपर्यंत सरकवा. टिप वेट आत्ताच घालायचं, नंतर जागा नाही. मग दोन भागांचं, हळू घट्ट होणारं इपॉक्सी, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, काट्यावर मोजून. पुरतं एक मिनिट ढवळा. टिपेला लावा, होजलच्या आतही लावा, शाफ्ट गोल फिरवत आत न्या म्हणजे हवा निघते. बाहेर आलेलं लगेच पुसा. हेड सरळ आहे का ते बघा, आणि क्लब हेड खाली करून भिंतीला टेकवा.

आता माझी पहिली दुरुस्ती सांगतो. जुलै महिना, धो धो पाऊस, आणि मी घाईत पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी वापरलं. संध्याकाळी जोड दगडासारखा वाटला. दुसऱ्या सकाळी एका साहेबांनी खेळायला नेला आणि तिसऱ्या होलवर बॉल राहिला जागेवर, हेड गेलं साठ-सत्तर पावलं. पुढे कुणी नव्हतं म्हणून ही गोष्ट हसत सांगता येते. पाच मिनिटांचं इपॉक्सी फटक्याचे हादरे सोसत नाही, आणि दमट होजलात तर मुळीच नाही. हळूचं इपॉक्सी २४ तास घेतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये, कपडे तीन दिवस वाळत नाहीत तेव्हा, मी ४८ देतो, आणि लावण्याआधी होजल हात सोसेल इतका कोमट करून आतली ओल घालवतो. उरलेलं इपॉक्सी पुठ्ठ्यावर ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतलं तर क्लबलाही हात लावायचा नाही.

लांबीसाठी कापणं सगळ्यांत शेवटी. हेड पक्कं झाल्यावर क्लब खेळायच्या स्थितीत जमिनीवर टेकवून लांबी मोजा आणि वरचं टोक कापा. स्टीलला नळकामाचा पाइप कटर चालतो. ग्राफाइटला तो नाही, धागे चिरडतात. कापायच्या जागी मास्किंग टेप गुंडाळून ३२ दातांच्या हॅकसॉ पातीने, हळू, थोडं पाणी सोडत. मास्क घाला आणि स्वयंपाकघरात हे करू नका. ती काळी धूळ छातीत जायला नको आणि पोळ्यांवर तर नकोच. एक सूत कमी कापा, परत कापता येतं. उलटं येत नाही.

ग्रिपचं सोपं आहे. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, टोकाला अर्धा इंच जास्त ठेवून आत दुमडलेली. ग्रिपच्या तळाच्या भोकावर बोट धरून आत टर्पेंटाईन ओता, हलवा, तेच टेपवर ओता, आणि एका दमात ढकला. मध्ये थांबलात तर ग्रिप तिथेच बसली समजा. रॉकेल वापरू नका, तेलकट राहतं आणि ग्रिप आठवडाभर फिरते. पेट्रोल तर घरात नकोच. फेरूलची कड कानशीने होजलशी सपाट करा आणि ॲसिटोनच्या चिंधीने एकदाच गोल पुसा, नव्यासारखी चमकते. नेलपॉलिश रिमूव्हर ॲसिटोनचा असेल तर तोही चालतो, पण बाटली परत जागेवर ठेवा.

मग परत कानशीवर तोल. वहीतल्या जुन्या आकड्याशी ताडून पाहा. कमी भरलं तर हेडच्या मागे शिशाची टेप लावा. अर्धा इंच रुंद, चार इंच लांब तुकडा साधारण २ ग्रॅम भरतो, म्हणजे एक पॉइंट. शिसं हाताळल्यावर हात धुवा. टेप लावणं-काढणं खेळ सुरू होण्याआधी. फेरी चालू असताना क्लबचे गुण बदलणं नियमात बसत नाही.

कुणी तुम्हाला शाफ्टची 'रीढ', म्हणजे त्याची जास्त कडक बाजू, शोधून त्या दिशेला बसवा म्हणेल. चांगल्या शाफ्टमध्ये घरी कळण्याइतका फरक मला तरी कधी आढळला नाही.

पहिले वीस बॉल एकट्याने मारा, पुढे-मागे कुणी नसताना, आणि दर पाच बॉलांनंतर हेड हाताने पिळून बघा. जुना शाफ्ट टाकू नका. त्याला 'सात नंबर' अशी चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा, सासरे कधी विचारतील सांगता येत नाही. नवा सात नंबर जुन्या सहांबरोबर तीन आठवडे खेळा. मग कोपराचं काय झालं, कानशीवरचा आकडा काय आला आणि ठसा उभा उमटतो की तिरका, एवढं कळवा. उरलेल्या सहा शाफ्टांचे पैसे तोवर खिशात राहू द्यात.